नकार देणाऱ्या मुलीपासून सुरुवात करा

प्रश्न : अकरा शाळांच्या एका समूहात मी दोन वर्षांपासून पुनर्स्थापनात्मक न्याय (दुखावणाऱ्याने दुखावलेल्याचे ऐकून नुकसान भरून काढण्याची पद्धत) आणि विद्यार्थ्यांचे मानसिक व वर्तनविषयक आरोग्य असा एकत्रित कार्यक्रम सांभाळते. माझ्याकडे सहा समुपदेशक आणि बैठका घेणारे चार सूत्रधार होते. त्यांतील एक समुपदेशक गेल्या महिन्यात नोकरी सोडून गेली. निलंबनांची संख्या निम्म्यावर आल्यामुळे व्यवस्थापन समाधानी आहे, पण शिक्षक म्हणतात की मुलांना आता कशाचीच भीती उरलेली नाही, आणि मुख्याध्यापक निलंबनाच्या जागी ‘याला सर्कलमध्ये (गोलात बसून बोलण्याच्या बैठकीत) बसवा’ असे लिहून पाठवतात. मनुष्यबळ अपुरे असल्याने समुपदेशकांना स्वतःच्याच विद्यार्थ्यांच्या बैठका घ्याव्या लागतात. सध्या आठवीतील एका मुलीच्या काळजीने मला झोप लागत नाही. वर्गातील तीन मुलींनी तिला कित्येक महिने छळले. त्यांच्यासमोर बसायला ती तयार नाही, आणि ‘तिने एकदा ऐकून घेतले की प्रकरण मिटेल’ असे शाळा मला वारंवार सांगते आहे. बैठकीची तारीखही ठरवून टाकली आहे. दोन महिन्यांनी कार्यक्रमाचा आढावा आहे. हे दोन्ही विभाग एकाच छपराखाली चालवणे मुळात शक्य आहे का?

उत्तर :

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातील शेवटचा प्रश्न सर्वांत मोठा आहे. तरी मी त्या मुलीपासून सुरुवात करते, कारण बाकीच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे तिच्या नकाराचे तुम्ही काय करता यावर अवलंबून आहेत.

ती बैठक रद्द करा. ‘तिची तयारी होईपर्यंत पुढे ढकलली’ असे लिहिले तर ती तारीख तिच्या डोक्यावर टांगलेली राहते, म्हणून ‘रद्द’ असेच लिहा आणि तसे तिला व तिच्या पालकांना स्वतः भेटून सांगा. या पद्धतीत सहभाग ऐच्छिक असतो हे आपण प्रत्येक प्रशिक्षणात शिकवतो, पण शाळेत ‘ऐच्छिक’ या शब्दाला फारसे वजन नसते. मुख्याध्यापकांच्या खोलीत, दोन-तीन मोठ्या माणसांसमोर, तेरा वर्षांच्या मुलीने दिलेला होकार बहुतेक वेळा त्या खोलीतून लवकर बाहेर पडण्यासाठी दिलेला असतो. तुमच्या पत्रातील मुलीने त्या परिस्थितीतही नकार दिला आहे. कित्येक महिने तिच्या मनाविरुद्ध गोष्टी घडत गेल्या, आणि आता तिच्या ‘नाही’ला कोणी जुमानते का हे ती पाहते आहे. तुम्ही ते मानले नाही, तर त्या तिघींनी तिला जे शिकवले तेच शाळेनेही शिकवले असे होईल.

शाळेचा आग्रह दुष्टपणाचा नाही, हे मला ठाऊक आहे. भांडण आणि छळ यांतला फरक घाईत पुसला जातो, इतकेच. भांडणात दोन्ही बाजूंकडे थोडीफार सारखी ताकद असते, दोघांकडे सांगण्यासारखे काही असते आणि दोघांनाही काही सोडावे लागते. शालेय छळाचा पद्धतशीर अभ्यास १९७० च्या दशकात स्कँडिनेव्हियात सुरू झाला, आणि त्या अभ्यासाच्या परंपरेत पुनरावृत्ती व ताकदीतला असमतोल या दोन गोष्टींवरून छळ ओळखला जातो. तीन जणी आणि एकटी मुलगी यांना गोलात बसवून ‘दोन्ही बाजू ऐकू या’ म्हटले की तो असमतोल बैठकीच्या खोलीत जसाच्या तसा येतो. सूत्रधाराला न कळणारी एक नजर, एक हसू, खुर्ची सरकवण्याची एक पद्धत एवढे त्या मुलीला पुरेसे असते, आणि नंतर ‘बैठक चांगली झाली’ अशी नोंद होते.

बैठक रद्द झाली म्हणजे त्या तिघींची जबाबदारी संपली, असे मात्र कोणालाही वाटू देऊ नका. त्यांच्याबरोबरचे काम तिच्या उपस्थितीवर अवलंबून नाही. त्या तिघींशी वेगवेगळे बोला, एकत्र कधीही नको. एकत्र असताना प्रत्येकीला आपल्या मैत्रिणींसमोर तोंड राखायचे असते, आणि एकटी असताना बहुधा त्यांतली एक तरी अशी निघते की जिला हे केव्हाच थांबवायचे होते. काय घडले, तेव्हा तुझ्या मनात काय चालले होते, याचा त्रास कोणाकोणाला झाला, आणि आता हे सावरण्यासाठी तू काय करशील, हे प्रश्न प्रत्येकीला एकटीला विचारता येतात. त्या मुलीची इच्छा असेल तर तिचे म्हणणे तिने लिहून द्यावे, किंवा तिने निवडलेल्या एखाद्या शिक्षिकेने ते पोचवावे. इच्छा नसेल तर तेही नको. तिघींनी काय करायचे, कोणत्या ग्रुपमधून काय काढून टाकायचे, मधल्या सुट्टीत कोणत्या जागेपासून दूर राहायचे, हे लेखी ठरवा आणि त्याची तपासणी कोण करणार तेही लिहा. माफीनामा मागू नका. सक्तीने लिहिलेली माफी वाचण्याचे ओझे पुन्हा त्याच मुलीवर पडते, आणि ती स्वीकारली नाही तर खिलाडूपणा नसल्याचा ठपकाही तिच्यावरच येतो.

येथे एक गोष्ट थोडक्यात पण ठामपणे सांगते. छळात लैंगिक स्वरूपाचे काही असेल, शस्त्र असेल, किंवा बोलता बोलता घरातील अत्याचाराची माहिती पुढे आली असेल, तर बैठकीचा विचारही करू नये. कायद्याने ज्या यंत्रणेला कळवायचे तिला त्याच दिवशी कळवावे. अशा प्रकारांची यादी तुमच्या कार्यक्रमाच्या लेखी धोरणात पहिल्याच पानावर हवी, म्हणजे कोणत्याही मुख्याध्यापकाला ‘हे आपण आतल्या आत मिटवू’ असे म्हणण्याची सोय राहणार नाही.

आता ‘याला सर्कलमध्ये बसवा’ या शेऱ्याकडे येते. हा शेरा जेथून येतो त्या शाळेत सर्कल ही शिक्षेची नवी खोली झालेली असते, आणि मुलांना ते शिक्षकांच्या आधी कळते. ही पद्धत कोठून आली हे मुख्याध्यापकांना एकदा सविस्तर सांगण्यासारखे आहे, कारण तिच्या मुळाशी असलेली गोष्ट शिक्षेपेक्षा सोपी मुळीच नाही. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात, एल्मायरा नावाच्या लहान गावात, १९७४ मध्ये दोन तरुणांनी एका रात्रीत बावीस ठिकाणी मोडतोड केली. त्यांच्या परिविक्षा अधिकाऱ्याने (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली ठेवलेल्या गुन्हेगारांवर लक्ष ठेवणाऱ्या अधिकाऱ्याने) न्यायाधीशांना सुचवले की या दोघांनी ज्यांचे नुकसान केले त्यांना प्रत्यक्ष भेटावे. न्यायाधीशांनी ते मान्य केले, आणि ते दोघे दारोदार गेले, लोकांचे म्हणणे ऐकले, नुकसान किती झाले ते विचारले आणि पुढच्या काही महिन्यांत भरपाई केली. भेट आणि भरपाई या दोन्ही गोष्टी तेथे होत्या. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने मुलांच्या गुन्ह्यांसाठी कौटुंबिक बैठकांची व्यवस्था आणली, आणि तिची प्रेरणा बरीचशी तेथील मूळ रहिवासी असलेल्या माओरी समाजाच्या परंपरेतून आली होती. त्या बैठकीतही शेवटी कोणी काय करायचे याची योजना ठरते. शाळांमध्ये हा प्रकार ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्यात १९९४ मध्ये आला, एका शाळेच्या नृत्यसमारंभात झालेल्या गंभीर मारहाणीनंतर. या तिन्ही ठिकाणी चूक करणाऱ्याकडून निलंबनापेक्षा जास्त काही मागितले गेले. निलंबनात मुलाला घरी बसण्यापलीकडे काही करावे लागत नाही.

म्हणून बैठकीला कोण येणार हे मुख्याध्यापकांच्या चिठ्ठीवरून ठरू नये. चिठ्ठी आली की सूत्रधाराने दोन्ही बाजूंना स्वतंत्रपणे, आवश्यक तर दोन-तीनदा भेटावे, आणि त्या भेटींनंतर बैठक घ्यायची की नाही ते सूत्रधाराने ठरवावे. माझ्या अनुभवात चांगल्या बैठकीचा बहुतेक वेळ बैठकीच्या आधीच खर्च झालेला असतो. मुख्याध्यापकांना हे उशिराचे वाटेल, कारण त्यांना आज दुपारी पालकांना उत्तर द्यायचे असते. त्यांना ते उत्तर देण्याची सोय तुम्ही करून द्या : आज दोघांना वेगळे केले आहे, उद्या सूत्रधार दोघांनाही भेटणार आहे, अमुक दिवसापर्यंत काय ठरले ते तुम्हाला कळवू. पालकांना बहुतेक वेळा शिक्षेपेक्षा ही निश्चिती हवी असते.

शिक्षकांची तक्रार मी हलक्यावारी घेत नाही आणि तुम्हीही घेऊ नका. ‘मुलांना भीती उरलेली नाही’ या वाक्याचा खरा अर्थ अनेकदा ‘आम्ही मुलाला वर्गाबाहेर पाठवले, तो वीस मिनिटांत हसत परत आला आणि मधे काय झाले ते आम्हाला कोणी सांगितले नाही’ असा असतो. शिक्षकही या प्रकरणात दुखावलेला पक्ष असतो. चाळीस मुलांसमोर त्याचा अपमान झालेला असतो, त्याचा तास वाया गेलेला असतो, आणि बैठकीत त्याची खुर्ची रिकामी असते, कारण त्याच वेळी त्याला दुसऱ्या वर्गावर तास असतो. त्या तासाला बदली शिक्षक देण्याची तरतूद तुमच्या अंदाजपत्रकात आहे का? नसेल तर प्रशिक्षणाचा एक दिवस कमी करा आणि तो पैसा तेथे वळवा. मुलगा वर्गात परतण्यापूर्वी शिक्षकाशी पाच मिनिटांचे का होईना बोलणे झालेच पाहिजे, हा नियम मी स्वतः काम करत असताना फार उशिरा केला, आणि तो केल्यानंतर शिक्षकांचा विरोध जितका निवळला तितका कोणत्याही कार्यशाळेने निवळला नव्हता.

संशोधन शिक्षकांच्या बाजूनेही थोडे बोलते, हे तुम्ही आढावा समितीसमोर स्वतःहून सांगावे असे मला वाटते. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात ४४ शाळांची चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागणी करून दोन वर्षे अभ्यास झाला आणि त्याचा अहवाल २०१८ मध्ये आला. पुनर्स्थापनात्मक पद्धत वापरणाऱ्या शाळांत निलंबनाचे दिवस कमी झाले, शिक्षकांना शाळेचे वातावरण सुधारल्यासारखे वाटले. पण सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांचे शैक्षणिक गुण तुलनेने घसरले. इंग्लंडमधील ४० माध्यमिक शाळांतील अभ्यासही २०१८ मध्येच प्रसिद्ध झाला. तेथे तीन वर्षांनी मोजमाप केले तेव्हा छळ थोडा कमी झालेला दिसला, विद्यार्थ्यांचे मानसिक स्वास्थ्य काहीसे सुधारलेले दिसले, मात्र आक्रमक वर्तनात फरक दिसला नाही. या दोन्ही अभ्यासांवरून मी एवढेच घेते की पद्धत उपयोगी आहे, तिचा परिणाम संथ आणि मर्यादित असतो, आणि मधल्या इयत्तांत ती कच्ची राबवली तर वर्गातील शिकवण्याचे नुकसान होऊ शकते. तुमची अडचण आठवीतूनच वर आली आहे, त्यामुळे पुढचे वर्षभर सर्वांत अनुभवी सूत्रधार त्या इयत्तांना द्या. कोणी निलंबनाकडे परत जाण्याचा आग्रह धरला, तर अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या कृतिदलाने २००८ मध्येच दाखवून दिले आहे की शून्य सहनशीलतेच्या (लहानशा चुकीलाही ठरलेली कडक शिक्षा देणाऱ्या) धोरणांनी शाळा अधिक सुरक्षित झाल्याचा पुरावा मिळत नाही, हेही त्यांना सांगता येईल.

यापुढचा भाग लिहिणे मला थोडे जड जाते. बऱ्याच वर्षांपूर्वी, सूत्रधार म्हणून काम करत असताना, मी एका चौदा वर्षांच्या मुलाची बैठक घेतली होती. त्याने वर्गातील एका मुलाचा हात पिरगळला होता. मी लांबलचक प्रश्न विचारत होते आणि तो खांदे उडवत होता, ‘माहीत नाही’ म्हणत होता, जमिनीकडे पाहत होता. समोरच्या मुलाची आई रडली तेव्हाही तो गप्प राहिला. बैठकीनंतर मी अहवालात लिहिले की त्याला पश्चात्ताप नाही, आणि त्या एका वाक्यामुळे पुढे त्याच्याशी सर्वजण तसेच वागले. काही महिन्यांनी भाषा-वाचा तज्ज्ञांकडून त्याची तपासणी झाली तेव्हा कळले की लांब वाक्ये त्याच्या डोक्यात पूर्ण होईपर्यंत टिकतच नव्हती. मी काय विचारते आहे हे त्याला कळले नव्हते, आणि सर्वांसमोर ‘कळले नाही’ म्हणण्यापेक्षा त्याला उद्धट दिसणे परवडत होते.

ऑस्ट्रेलियात कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या किशोरवयीन मुलग्यांवर झालेल्या अभ्यासांत सुमारे निम्म्या मुलांना भाषेची लक्षणीय अडचण असल्याचे आढळले आहे, आणि ती अडचण बहुतेकांच्या बाबतीत आधी कोणाच्या लक्षातही आलेली नव्हती. आपली सगळी पद्धत बोलण्यावर उभी आहे : गोष्ट क्रमाने सांगायची, दुसऱ्याच्या भावना शब्दांत ओळखायच्या, आपल्या भावना शब्दांत मांडायच्या, आणि तेही ज्यांना आपण दुखावले त्यांच्यासमोर. जे मूल एवढे करू शकत नाही त्याला आपण निगरगट्ट ठरवतो. नैराश्याचेही तसेच आहे. मोठ्यांमध्ये ते उदासपणाच्या रूपात दिसते, तर मुलांमध्ये ते पुष्कळदा चिडचिडीच्या रूपात येते. रात्रभर न झोपलेले मूल, घरात सतत धास्तीत जगणारे मूल, लक्ष एकाग्र न होणारे मूल, ही सगळी शिक्षकाच्या चिठ्ठीत एकाच शब्दाने येतात : ‘उर्मट’.

तुमच्या मोठ्या प्रश्नाचे उत्तर मला येथेच सापडते. हे दोन विभाग एका छपराखाली चालवणे शक्य आहे, आणि माझ्या मते ते आवश्यकही आहे, कारण बैठकीची तयारी करणाऱ्या सूत्रधाराला मुलाच्या आरोग्याविषयी शंका आली तर ती विचारायला शेजारच्या खोलीत कोणीतरी हवे. पण त्या दोन खोल्यांमध्ये भिंत हवी आणि तिला एकच लहान दार हवे. बैठकीत एका मुलाने दुसऱ्याला काय दुखावले याचे काम होते. समुपदेशनात मुलाच्या स्वतःच्या दुःखाचे काम होते. पहिल्या कामात इतर माणसे असतात, लेखी ठराव असतो, शाळेला त्याचा निकाल कळावा लागतो. दुसऱ्या कामात मुलाच्या किंवा इतर कोणाच्या जिवाला धोका असणे आणि कायद्याने कळवावे लागणे हे अपवाद सोडले तर काहीही बाहेर जाता कामा नये. समुपदेशकच सूत्रधार झाला की मुलाने बंद दाराआड सांगितलेली गोष्ट बैठकीत समुपदेशकाच्या तोंडून नाही निघाली, तरी मुलाला ती त्याच्या डोळ्यांत दिसते, आणि मग पुढच्या आठवड्यापासून ते मूल समुपदेशकाला फक्त सोयीच्या गोष्टी सांगू लागते.

तेव्हा मनुष्यबळ कितीही कमी असले तरी आपल्याकडे उपचारासाठी येणाऱ्या मुलाची बैठक समुपदेशकाने घ्यायची नाही, हा नियम उद्यापासून करा. अकरा शाळा आहेत, त्यामुळे अगदीच अडले तर दुसऱ्या शाळेतील समुपदेशक येऊ शकेल. नोंदी वेगळ्या ठेवा, संमतिपत्रे वेगळी घ्या, आणि समुपदेशनाची फाईल मुख्याध्यापकांच्या कपाटात कधीही नको. मधल्या लहान दारासाठी आठवड्यातून एकदा तासाभराची बैठक ठेवा, ज्यात नव्या चिठ्ठ्या एकत्र वाचल्या जातील आणि प्रत्येक मुलाबाबत पहिली पायरी कोणती एवढेच ठरेल : आधी बैठकीची तयारी, आधी समुपदेशन, आधी तज्ज्ञांची तपासणी, की यांतले काहीच नाही आणि फक्त वर्गशिक्षकाशी बोलणे पुरेसे. मूल स्वतःला इजा करण्याविषयी बोलले असेल तर त्या साप्ताहिक बैठकीची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी पालक आणि प्रशिक्षित व्यक्ती यांच्यापर्यंत ते पोचलेच पाहिजे, आणि तोवर मुलाला एकटे सोडायचे नाही. समुपदेशनालाही शिक्षा होऊ देऊ नका. ‘पाच सत्रे पूर्ण कर, मग वर्गात ये’ असे एका शाळेने केले की उपचाराचे नाव सगळ्या शाळांत खराब होते.

नोकरी सोडून गेलेल्या समुपदेशकाविषयी तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे. ती का गेली हे तिला विचारले असेलच. नसेल तर अजूनही विचारा, आणि ते लिहून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वयोगटातील दर सातांपैकी एका व्यक्तीला मानसिक आजार असतो, आणि अमेरिकेतील शालेय समुपदेशकांची संघटना एका समुपदेशकामागे २५० विद्यार्थी असावेत असे सांगते. हे दोन आकडे शेजारी ठेवले तर त्या आदर्श प्रमाणातही एका व्यक्तीकडे पस्तीसेक आजारी मुले येतात. तुमच्याकडे आता अकरा शाळांना पाच समुपदेशक आहेत. त्यांच्यावर देखरेख करणारा, पण त्यांचा वरिष्ठ अधिकारी नसलेला, अनुभवी चिकित्सक महिन्यातून दोनदा तरी त्यांना मिळायला हवा, जेथे ‘मला या मुलाचा राग येतो’ हे नोकरीची धास्ती न बाळगता बोलता येईल. आणि प्रतीक्षा यादी लपवू नका. यादी लपवली की व्यवस्थापनाला वाटते सगळे नीट चालले आहे, आणि तो भार समुपदेशकांच्या संध्याकाळी व सुट्ट्यांवर पडत राहतो. तुमच्या स्वतःच्या रात्रींविषयीही मला हेच म्हणायचे आहे; त्या चिकित्सकाच्या खोलीत एक खुर्ची तुमच्यासाठीही असू द्या.

आढाव्यात निलंबनाचा आकडा सर्वांत वर ठेवू नका, जरी तो तुमच्या बाजूचा असला तरी. मुख्याध्यापकांनी निलंबन लिहिणे बंद केले की तो आकडा आपोआप उतरतो, आणि मुलाला ‘आज घरी घेऊन जा’ असे फोनवर सांगितलेले दिवस कोठेच मोजले जात नाहीत. ते दिवस आधी मोजा. मग पाहा की बैठकींत झालेल्या ठरावांपैकी किती पूर्ण झाले. हे एका महिन्याने आणि पुन्हा तीन महिन्यांनी तपासा. माझा अंदाज आहे की हा तक्ता तुमच्याकडे सध्या नसेल, कारण फार थोड्या कार्यक्रमांकडे तो असतो, आणि शिक्षकांचा विश्वास उडण्याचे एक मोठे कारण हेच आहे की ठराव होतात, सह्या होतात, आणि नंतर कोणी विचारत नाही. दुखावलेल्या मुलांना स्वतंत्रपणे विचारा की त्यांना आता शाळेत सुरक्षित वाटते का, आणि पुन्हा अशी वेळ आली तर ती या बैठकीला येतील का. चिठ्ठी आल्यापासून समुपदेशनाच्या पहिल्या सत्रापर्यंत किती दिवस गेले, तोही आकडा द्या. सारख्याच चुकीसाठी कोणाला बैठक मिळते आणि कोणाला निलंबन, हेही तपासा. कोणत्या वस्तीतील, कोणत्या भाषेची, कोणत्या आर्थिक स्थितीतील मुले कोणत्या रांगेत दिसतात ते पाहिल्यावर आकडे अस्वस्थ करणारे निघाले तरी समितीसमोर ठेवा. न मागता अडचण सांगणाऱ्या व्यवस्थापकावर समित्यांचा विश्वास बसतो, असा माझा अनुभव आहे, आणि तुम्हाला पैशांपेक्षाही वेळ मागायचा आहे. तिसरे वर्ष मागा, आणि त्या वर्षी नवी शाळा जोडणार नाही असे सांगा.

एक लहान गोष्ट राहिली. तुमच्या शाळांत सर्कल फक्त काही बिघडल्यावरच होते, असे पत्रावरून दिसते. प्रशिक्षक साधारणपणे सांगतात की पाचांपैकी चार भाग काम काही बिघडण्यापूर्वीचे असावे, आणि ते खरे आहे. आठवड्यातून एकदा, वीस मिनिटे, वर्गशिक्षकाबरोबर, हातात एखादी वस्तू फिरवत, ज्याच्या हाती ती वस्तू त्यानेच बोलायचे आणि नको असेल तर न बोलता पुढे द्यायची, एवढेच करा. गप्प राहून वस्तू पुढे देण्याचा हक्क मुलांना तेथे आधी अनुभवू द्या. तो अनुभव असेल तर पुढे एखाद्या गंभीर प्रसंगी त्यांच्या होकारालाही काही अर्थ येईल.

सोमवारी शाळेत गेल्यावर या सगळ्याच्या आधी त्या मुलीला भेटा. शाळेतील कोणत्या मोठ्या माणसाला सोबत घ्यायचे ते तिलाच ठरवू द्या. बैठक होणार नाही, तुझा निर्णय मान्य आहे, आणि त्यामुळे तुझ्या नावे कोठेही काही लिहिले जाणार नाही, असे सांगा. मग तिला विचारा की दिवसातील कोणती वेळ आणि शाळेतील कोणती जागा तिला सर्वांत जड जाते. ती कदाचित जिन्याचे नाव घेईल, कदाचित स्वच्छतागृहाचे, कदाचित शाळा सुटल्यानंतरच्या दहा मिनिटांचे. ती सांगेल ते तिच्यासमोरच लिहून घ्या, प्रत्येक ओळीपुढे ते काम कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत करणार ते भरा, आणि त्या कागदाची एक प्रत तिच्याजवळ राहू द्या.